आठशे बाय हजार

गुलाबभाऊ, तुमचं चित्र आठशे पिक्सेल रुंद आणि हजार पिक्सेल उंच आहे. तुम्ही गेल्यापासून तुमच्याबद्दल मला एवढंच नक्की सांगता येतं. काल तेरवीत कोणी तरी विचारलं, "कसे होते हो गुलाबभाऊ?" तर माझ्या ओठांवर आधी हा आकडा आला. तो गिळला आणि म्हणालो, "चांगले होते." तुम्ही ऐकलं असतं तर म्हणाला असता, "चांगले म्हंजे काय बे? फ्लेक्सवर लिहितेत तसे?"

ज्या सकाळी तुम्ही गेलात, त्या सकाळी मी पांढुर्ण्याला माझ्या दुकानात एका वाढदिवसाच्या फ्लेक्सवर अकरा शुभेच्छुकांची डोकी बसवत होतो. फोन आला. "भाऊ, सौंसरहून बोलून राहिलो. गुलाबभाऊ पेंटर गेले."

आणि मी म्हणालो, "साइज काय?"

खरंच म्हणालो. आमच्या धंद्यात 'गेले' या शब्दापाठोपाठ साइजच येते, तोंडाला वळण पडलंय. पलीकडे तुमचा शेजारी होता. बिचारा विचार करून म्हणाला, "असतीन साडेपाच फूट. काहून?"

ही गोष्ट तुम्हाला सोडून मी कोणाला सांगू? तुम्ही शिडीवरून खाली येऊन, पोट धरून हसला असता आणि वहिनींना बोलावून पुन्हा माझ्याकडून वदवून घेतली असती. मला हसू आलं नाही. रडूही आलं नाही. मी अकरावं डोकं बसवलं, फाइल सेव्ह केली आणि सौंसरच्या बसमध्ये जाऊन बसलो.

तुमच्या अंगणात मी सगळ्यांच्या मागे उभा होतो. रडू येईल म्हणून रुमाल नेला होता, त्याने चष्मा पुसला. निघताना वहिनींनी हाक मारली. "पम्या, तू ह्यांचं चित्र काढलं होतं ना, ते आण तेरवीले. मोठं करून आण, बाप्पा. दारातून दिसलं पाहिजे."

मी "हो" म्हणालो. नाही म्हणण्याची जागा आली की मी हो म्हणतो, ही खोड तुम्हाला पाठ आहे. ते चित्र मोठं होणार नव्हतं, हे मला तेव्हाच माहीत होतं. का होणार नव्हतं, ते तुमच्यापासून मी लपवलं होतं. आता सांगतो. आता तुम्ही मध्ये बोलणार नाही, तेवढी एक सोय झाली आहे.

पण आधी संत्र्याचं आठवू द्या. सुरुवात तिथूनच झाली.

तुम्ही भिंती रंगवणारे, दुकानांच्या पाट्या लिहिणारे, ट्रकच्या मागे मोर काढणारे. मी फ्लेक्सवाला, म्हणजे ज्याच्या मशीनमुळे तुमचं अर्धं काम गेलं तो. आपली ओळख भांडणानेच व्हायला हवी होती. ती माझ्या फजितीने झाली. रामाकोन्याच्या एका संत्रा व्यापाऱ्यासाठी मी कंप्युटरवर संत्रं रंगवलं होतं. माझं पहिलं डिजिटल चित्र. सालीवरची एकेक खळी काढली होती. नवीन फाइल उघडताना जी साइज आपोआप समोर आली तीच ठेवली, कारण चित्रकाराने आकड्यांकडे कशाला पाहायचं, असं मला वाटायचं. स्क्रीनवर ते संत्रं असं दिसायचं की सोलावंसं वाटावं. मग ते बारा फुटांच्या बोर्डावर छापून व्यापाऱ्याच्या फाटकावर लावलं.

व्यापारी बराच वेळ पाहत राहिला. म्हणाला, "हे संत्रं होय, का बाथरूमची फरशी?"

चौकोनच चौकोन होते. तुम्ही त्याच वाड्याच्या भिंतीवर शिडीवर चढून अक्षरं लिहीत होतात. खाली उतरलात, बोर्डाला नाक लावून पाहिलंत, मग रस्ता ओलांडून पलीकडच्या पानठेल्यापाशी गेलात आणि तिथून ओरडलात, "इकडून संत्रं दिसून राहिलं, शेठ! गिऱ्हाइकाले इथंच उभं करत जा!"

मला तुमचा इतका राग आला होता, गुलाबभाऊ. आणि संध्याकाळी मी तुमच्याच ओट्यावर बसून चहा पीत होतो.

तुम्ही वहिनींकडे मूठभर तुरीची डाळ मागितली. मला वाटलं वरण होणार. तुम्ही ती बशीत पसरली. बशी दिसेनाशी झाली. "हे तुह्या कंपुटरवरचं संत्रं." मग तीच डाळ परातीत ओतली. दाण्यांच्या मधून पितळ दिसायला लागलं. मग सरळ ओट्यावर भिरकावली. "आन् हे तुह्यं बारा फुटी. दाणे तेवढेच आहेत, पाय. जागा वाढली, दाणे कुठून वाढतीन? मंग मशीन काय करते? एकेक दाणा फुगवून पापडाएवढा करते. म्हून फरशी."

तुम्ही तोवर माउसला हात लावलेला नव्हता. मी त्याआधी कित्येक व्हिडिओ पाहिले होते आणि मला हे कळलेलं नव्हतं.

वहिनी बाहेर आल्या. ओट्याकडे पाहिलं, आपल्याकडे पाहिलं. "शिकवून झालं असन त वेचून द्या. एकेक दाणा." आपण दोघे उकिडवे बसून डाळ वेचत होतो. त्या दिवसापासून पिक्सेलला तुम्ही दाणा म्हणत राहिलात, आणि मीही. परवा एका गिऱ्हाइकाला मी म्हणालो, "फोटोत दाणे कमी आहेत." तो म्हणाला, "माझ्या बायकोच्या चेहऱ्यावर एकही दाणा नाही!" आणि उठून गेला.

त्यानंतरच्या माझ्या फजित्या तुम्ही आल्यागेल्याला सांगायचात, म्हणून लांबवत नाही. एकदा कोणी तरी म्हणालं की छापायला रेझोल्यूशन, म्हणजे एका इंचातले दाणे, तीनशे लागतं. मी फाइलच्या साइजच्या चौकटीतला बहात्तर आकडा खोडून तीनशे लिहिला आणि तुम्हाला फोन केला, "जमलं भाऊ!" तुम्ही विचारलंत, "दाणे वाढले का?" नव्हते वाढले. "मंग काय जमलं? मास्तरनं शाळेत वय कमी लिहिलं म्हून पोरगं लहान होते काय?" मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. बोरगाव फाट्यावरच्या वीस फुटी फ्लेक्ससाठी अख्खी फाइल एका इंचाला तीनशे दाणे अशी बनवली. बहात्तर हजार बाय छत्तीस हजार. कंप्युटर सकाळी जो थिजला तो दुपारपर्यंत थिजलेलाच. तुम्ही फोनवर म्हणालात, "रस्त्यानं जाणारा ट्रकवाला पाहीन तो फ्लेक्स. मुंगीसाठी बनवून राहिला काय?"

तुमच्या दुकानात येणाऱ्या माणसाला तुम्ही पहिला प्रश्न तोच विचारायचात. काय लिहायचं हे नंतर. आधी, "पाहणार कुठून? जवळून का दूरून?"

आपलं खरं भांडण मात्र वेगळंच होतं. तुम्ही लहान कागदावर इंचाचे चौकोनी खाने पाडायचात, भिंतीवर फुटाचे, आणि एकेक खाना पाहून चेहरा मोठा उतरवायचात. मी म्हणायचो, कंप्युटरही शिकेल एक दिवस, रिकामी जागा स्वतः भरेल. तुम्ही म्हणायचात, "भरन ना. पण अंदाजानं भरन. खाना मोठा केला म्हून त्याच्यात नाक येत नाही. नाक मीच काढतो. माणूस ओळखीचा असला का येते." मी म्हणायचो, अंदाज काय आणि ओळख काय, दिसल्याशी मतलब. हे भांडण आपण चहावर, शिडीखाली, बसस्टँडवर, दर वेळी पहिल्यापासून केलं. मिटलं कधीच नाही.

मग मी ती डिजिटल पाटी घेतली. पेन पाटीवर चालतं, चित्र समोर स्क्रीनवर उमटतं. तुम्ही पाहून म्हणालात, "हात इथं, नजर तिथं. चोरी करून राहिला का चित्र काढून राहिला?" पण तुमचं चित्र काढतो म्हटलं तर लगेच दाढी करून बसलात. अंगणात बदामाखाली, संत्र्याच्या उलट्या पेटीवर. मी फाइल उघडली तेव्हा माझ्या मागे येऊन उभे राहिलात. "दाणे किती?" चार हजार बाय पाच हजार करायला लावलेत. "मोठं पाडून ठेव. मोठ्याचं लहान कवाही होते. लहानाचं मोठं पोरगंच होते फक्त, चित्र होत नाही."

तीन रविवार बसलात. पहिल्या रविवारी नाक चुकलं. दुसऱ्या रविवारी डाव्या भुवईतली ती फट काढली, मोहगावच्या शाळेची भिंत रंगवताना शिडीवरून पडलात तेव्हाची. तिसरा रविवार सगळा डोळ्यांत गेला. बदामाच्या पानांतून उजेडाचा एक तुकडा तुमच्या डोळ्यात पडत होता, वाऱ्याने हलत होता, तो काही केल्या जागेवर थांबेना. शेवटी तुम्हीच म्हणालात, "हालणारा आहे त हालणाराच काढ ना." तो उतरला. माझ्या हातून एवढं चांगलं काही उतरलं नव्हतं, गुलाबभाऊ. तुम्ही पाहिलंत, बराच वेळ पाहिलंत, आणि म्हणालात, "भुवई बरोबर आहे."

परतीच्या बसमध्ये मला धीर धरवेना. लॅपटॉप मांडीवर उघडला. तुम्हाला व्हॉट्सॲपवर लगेच पाठवावं म्हणून चित्र लहान केलं, आठशे बाय हजार. वेगळ्या नावाने सेव्ह करायचं होतं. मी नुसतं सेव्ह केलं. फाइल बंद केली, तुम्हाला पाठवली, लॅपटॉप मिटला आणि मोहगाव येईपर्यंत खिडकीतून कपाशी पाहत स्वतःवर खूश होतो. घरी पोचून उघडलं तेव्हा मोठं चित्र कुठेच नव्हतं. दोन कोटी दाण्यांपैकी आठ लाख उरले होते. बाकीचे मी स्वतःच्या बोटाने ओट्यावरून झाडून टाकले होते, आणि ते वेचता येणारे नव्हते.

तेव्हाच फोन करून सांगितलं असतं तर तुम्ही दोन शिव्या दिल्या असत्या आणि पुढच्या रविवारी पुन्हा पेटीवर बसला असता. तुमचाच फोन आधी आला. "पम्या, बोटानं मोठं केलं त दाणे दिसून राहिले."

मी म्हणालो, "व्हॉट्सॲप लहान करते भाऊ. मोठं माझ्याजवळ आहे ना."

"मंग असं कर. मोठ्यातला नुसता डोळा पाठव."

तुम्ही पेंटर होतात, भोळे नव्हतात. मग मी काय केलं ते आज पहिल्यांदा लिहितो आहे. दुकानात कॅलेंडरच्या बाजूला आरसा आहे. त्यात पाहून मी माझाच डोळा काढला, चांगला दोन हजार दाण्यांचा, भोवती तुमच्या सुरकुत्या घातल्या, आणि तुमचा म्हणून तुम्हाला पाठवून दिला.

तुमचं उत्तर आलं, "बेस." एकच शब्द. जो माणूस चहा कसा झाला हे सांगायला पाच मिनिटं घ्यायचा, तो एका शब्दावर थांबला, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

पुढे प्रत्येक फोनला तुम्ही विचारायचात, "मोठं चित्र कवा आणतो?" आधी माझा प्रिंटर बिघडला. मग कागद संपला. मग कागद नागपूरहून निघाला आणि वाटेतच राहिला. थापा संपल्या तेव्हा मी सौंसरला येणंच सोडलं. तासाभराची बस, गुलाबभाऊ. आठ महिने मी त्या बसमध्ये बसलो नाही. बसलो तो अकरावं डोकं बसवून झाल्यावर.

वहिनींना दोन फूट रुंद चित्र हवं होतं. आठशे दाणे चोवीस इंचांत पसरले की इंचाला तेहेतीस. हिशेब मी दहादा केला. दर वेळी तेहेतीसच आले. मग नवीन फाइल उघडली, चार हजार बाय पाच हजार, तुमच्या मापाची. पुन्हा काढू म्हटलं. सकाळपासून दुपारपर्यंत त्या पांढऱ्यासमोर बसलो. एक रेघ ओढली नाही. हात दुखत नव्हता, मन भरून वगैरे आलं नव्हतं. नुसता बसलो होतो. गिऱ्हाइक आलं की उठायचो, त्याचं काम करायचो, पुन्हा येऊन बसायचो.

मग आपल्या भांडणाचा निकाल लावला. हल्ली अशी यंत्रं आली आहेत, लहान चित्र द्या, ती रिकामी जागा स्वतः भरून मोठं करून देतात. तुमचं आठशे बाय हजार त्यात टाकलं. मिनिटभरात तुम्ही मोठे होऊन आलात. एकही चौकोन नाही. गाल गुळगुळीत, दात सरळ. खर्ऱ्याच्या तंबाखूला कधी शिवलेले नाहीत असे. आणि डावी भुवई अख्खी. त्याने ती फट केसांनी नीट भरून टाकली होती. तो माणूस कधी शिडीवरून पडलाच नव्हता. बदामाचा उजेडही त्याने पुसून डोळ्यात गोल पांढरा ठिपका ठेवला होता. चांगला दिसत होता तो माणूस. मी त्याला ओळखत नव्हतो.

तुम्ही जिंकलात. मला त्याचा राग आला आणि मी फाइल डिलीट केली. या वेळी मुद्दाम.

शेवटी जेवढे दाणे होते तेवढ्यांना पुरेल एवढंच छापलं. पावणेतीन इंच रुंद, सव्वातीन इंच उंच. तळहातात मावलात. त्या मापात सगळं होतं, फट होती, उजेड होता, खर्ऱ्याचे दात होते. काल सकाळी ते खिशात घालून तुमच्या घरी आलो.

वहिनींनी स्टुलावर पांढरा कपडा टाकून ठेवला होता, हार तयार होता. मी खिशातून तुम्हाला काढलं.

"हे काय? एवढंसं?"

"वहिनी, मोठं माझ्या हातून मिटलं. त्याच दिवशी मिटलं होतं. बसमध्ये. मी भाऊंना खोटं सांगितलं."

वहिनींनी चित्र हातात घेतलं, उजेडाकडे धरलं. म्हणाल्या, "त्यायले माहीत होतं."

"कवापासून?" मी विचारलं.

"तू तो डोळा पाठवला ना, त्याच दिवशी मले दाखवला. म्हणे, पाय व, डोळ्यात ट्यूबलाइट दिसून राहिली. मी त बदामाखाली बसलो होतो. हा माहा डोळा नाही, पम्याचा होय." त्या आत गेल्या, तुमचा मोबाइल घेऊन आल्या. तो डोळा अजून त्यात होता. माझ्या दुकानातली ट्यूबलाइट, बुबुळात आडवी, स्वच्छ. दोन हजार दाण्यांमुळे अगदी स्वच्छ.

"मग बोलले काहून नाही मला?"

"मी म्हटलं ना त्यायले, विचारा त्याले, झापा. त म्हणे, कायले? डोळा पाठवला लेकानं. आता बाकीचा कवा येते, पाहू."

वहिनी हसल्या थोड्या. मग चित्र कपड्यावर ठेवलं. हार त्याला फार मोठा होता, म्हणून तो स्टुलाभोवतीच ठेवला आणि चित्रापुढे बदामाचं एक पान.

लोक येत राहिले. दारातून कोणालाच काही दिसत नव्हतं. प्रत्येक जण चपला काढून आत यायचा, स्टुलापाशी जायचा, वाकायचा आणि वाकलेला राहायचा. फ्लेक्ससमोर माणूस हात जोडून पुढे सरकतो, तसं कोणी पुढे सरकलं नाही. रामाकोन्याचा तो संत्रा व्यापारीही आला होता. त्याने चष्मा कपाळावर चढवला, नाक जवळजवळ तुमच्या नाकाला लावलं, आणि उठताना मला म्हणाला, "हे बरोबर आहे. भुवई बरोबर आहे."

मी अजूनही दारात उभा होतो, चप्पल पायात. तिथून तुम्ही पांढऱ्या कपड्यावरचा एक दाणा होतात. आठ महिने मी तुम्हाला तेवढ्याच अंतरावरून पाहत होतो.

मग चपला काढल्या आणि आत आलो. वाकलो. दिसलात.

बाकीचा आलो, गुलाबभाऊ.